पाचजणी गेल्यावर : टेनेसीच्या पुनर्बांधणीचा मोसम

८ एप्रिल २००८ रोजी फ्लोरिडातील टँपा येथे टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाने स्टॅनफर्डचा ६४-४८ असा पराभव करून अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद सलग दुसऱ्या वर्षी पटकावले. प्रशिक्षिका पॅट समिट यांचे हे आठवे विजेतेपद होते. दुसऱ्याच दिवशी डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगसाठी खेळाडूंची निवड झाली आणि याच संघातील पाच जणींची नावे तेथे पुकारली गेली. कँडेस पार्कर, अ‍ॅलेक्सिस हॉर्नबकल, निकी अनोसिके, शॅनन बॉबिट आणि अल्बर्टा ऑगस्ट. ज्यांच्या बळावर संघ जिंकला होता, त्या जवळजवळ सगळ्याच एका दिवसात बाहेर पडल्या.

अशा वेळी अमेरिकेतील क्रीडा पत्रकार एक शब्द वापरतात : पुनर्बांधणी. हा शब्द बहुधा पडत्या काळातील संघांसाठी राखीव असतो. मात्र २००८ च्या शरद ऋतूत तो विजेत्या संघाला लावावा लागला. महाविद्यालयीन खेळाचे गणितच असे आहे की, उत्तम संघ पराभवाने नव्हे, तर कॅलेंडराने मोडतात. टेनेसीचा २००८-०९ चा मोसम हे त्याचे ठळक उदाहरण. तो सुरू होण्यापूर्वी समिट यांच्या हाती काय होते, काय नव्हते आणि त्यावरून काय ओळखता आले असते, हे आजही पाहण्यासारखे आहे.

चार वर्षांची मुदत

महाविद्यालयीन खेळाडूला एकूण चार मोसम खेळता येतात. दुखापतीमुळे वा अन्य कारणाने एखादे वर्ष बाहेर बसावे लागले, तर ते वर्ष हिशेबात धरले जात नाही. या सवलतीला तेथे ‘रेड शर्ट’ म्हणतात. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये एका वर्षातच व्यावसायिक लीगचा रस्ता धरणारे अनेक असतात. महिलांच्या बाबतीत मात्र डब्ल्यूएनबीएचा नियम कडक आहे. अमेरिकन महाविद्यालयातील मुलीला निवडीच्या वर्षी वयाची २२ वर्षे पूर्ण होणार असतील किंवा तिचे पदवीशिक्षण पुरे होत असेल, तरच तेथे प्रवेश मिळतो. परिणामी महिला संघ तीन-चार वर्षे एकत्र राहतात, एकमेकींच्या सवयी ओळखू लागतात आणि मग सगळ्या मिळून एकदमच निघून जातात. संघ जितका मुरलेला, तितके त्याच्या जाण्याने पडणारे खिंडार मोठे.

हे खिंडार पैसे टाकून बुजवण्याची सोय २००८ मध्ये नव्हती. खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही देता येत नसे. एका विद्यापीठातून दुसरीकडे गेलेल्या मुलीला एक पूर्ण मोसम न खेळता काढावा लागे. त्यामुळे प्रशिक्षकाकडे एकच मार्ग उरत असे. शाळेतील सतरा-अठरा वर्षांच्या मुली हेरायच्या, त्यांच्या आईवडिलांच्या घरी जाऊन बसायचे, होकार मिळवायचा आणि मग त्या शिकेपर्यंत धीर धरायचा.

आता हे चित्र बरेच पालटले आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व्यापारी वापरातून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षापासून विद्यापीठ बदलल्यावर सक्तीने बाहेर बसण्याचा नियमही सैल झाला. २०२४ मध्ये आयोवा विद्यापीठातून केटलिन क्लार्क ३,९५१ गुणांचा विक्रम करून बाहेर पडली. महिन्याभरात २४ वर्षे संघ सांभाळणाऱ्या लिसा ब्लूडर यांनीही निवृत्ती जाहीर केली. त्यांच्या जागी आलेल्या जॅन जेन्सन यांनी व्हिलानोव्हा विद्यापीठातून लूसी ओल्सन ही मागच्या मोसमात सामन्यागणिक सरासरी २३ हून अधिक गुण करणारी तयार खेळाडू आणली. २०२४-२५ च्या मोसमात आयोवाने २३ सामने जिंकले, ११ गमावले. ओल्सनसारखी तयार खेळाडू एका उन्हाळ्यात आणण्याचा हा मार्ग समिट यांना २००८ मध्ये उपलब्ध नव्हता.

नॉक्सव्हिल आणि पॅट समिट

टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल हे गाव केशरी रंगाचे वेड असलेले. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना खेळाडूंचे मित्र आणि काही पालक सोडले तर प्रेक्षक शोधावा लागतो. नॉक्सव्हिलमध्ये महिला संघाच्या सामन्यांना दहा हजारांहून अधिक लोक येणे ही नित्याची बाब होती. थॉम्प्सन-बोलिंग अरिना या वीस हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकणाऱ्या बंदिस्त क्रीडागृहातील मैदानाला २००५ मध्ये समिट यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी त्यांनी डीन स्मिथ यांचा ८७९ विजयांचा विक्रम मागे टाकला होता.

१९७४ मध्ये समिट प्रमुख प्रशिक्षिका झाल्या तेव्हा त्या अवघ्या २२ वर्षांच्या होत्या. त्या काळी महिला संघाची गाडी चालवणे आणि खेळाडूंचे गणवेश धुणे हीदेखील प्रशिक्षिकेचीच कामे असत. त्यांच्या संघाने पहिलाच सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध एका गुणाने गमावला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्या खेळाडू म्हणून रौप्यपदक विजेत्या अमेरिकन संघात होत्या, तर १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक विजेत्या संघाच्या प्रशिक्षिका. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे, हा त्यांचा खेळाडूंना दंडक होता. त्यांच्याकडे चारही वर्षे पूर्ण करणारी प्रत्येक खेळाडू पदवीधर झाली. याखेरीज आणखी एक परंपरा होती. १९७६ नंतर त्यांच्याकडे सगळी वर्षे खेळलेल्या प्रत्येक मुलीला निदान एकदा तरी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत खेळण्याचा मान मिळाला होता. नवी मुलगी नॉक्सव्हिलमध्ये यायची ती या परंपरेचे अलिखित वचन घेऊनच. २००८ मध्ये दाखल झालेल्या मुलींसाठी खरे पणाला लागले होते ते हेच.

काय गेले

पाचजणी गेल्या म्हणजे नेमके काय गेले, हे केवळ गुणांच्या बेरजेतून कळत नाही. पार्कर ही सहा फूट चार इंच उंचीची. कोणत्याही जागी खेळू शकणारी अशी खेळाडू त्या काळी विरळाच. २००६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत चेंडू वरून थेट रिंगमध्ये दडपून तिने इतिहास घडवला होता, कारण त्या स्पर्धेत असे करणारी ती पहिलीच महिला. २००८ च्या स्पर्धेत तिचा डावा खांदा निखळला. तरीही अंतिम सामन्यात तिने १७ गुण मिळवले आणि ९ रिबाउंड, म्हणजे फळ्यावरून परतलेले चेंडू, हस्तगत केले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे पहिले वर्ष बाहेर बसावे लागल्याने तिचा आणखी एक मोसम शिल्लक होता. तो न घेता ती लॉस एंजलिसच्या संघात पहिल्या क्रमांकाची निवड म्हणून दाखल झाली आणि पहिल्याच वर्षी लीगची सर्वोत्तम नवोदित व सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही मान एकदम मिळवून गेली.

पार्करची उणीव कोणालाही दिसणारीच होती. हॉर्नबकलच्या जाण्याचा फटका मात्र जाणकारांनाच जास्त उमगत होता. २००८ च्या उपांत्य सामन्यात लुइझियाना स्टेटविरुद्ध टेनेसी एका गुणाने मागे असताना, शेवटच्या सेकंदात, रिंगवरून उडालेला चेंडू हॉर्नबकलने पुन्हा आत ढकलला. घड्याळात ०.७ सेकंद उरले होते. निकाल ४७-४६. संपूर्ण सामन्यात तिचे नेम चुकत होते, पण ती नेमक्या क्षणी नेमक्या जागी होती. ही समज सरावात शिकवता येत नाही. ती दोन-तीनदा हरून, त्या पराभवांची लाज पचवून येते. अनोसिकेची अंगमेहनत आणि जेमतेम पाच फूट दोन इंचांच्या बॉबिटचा चेंडूवरचा ताबा याच जातीचे होते. चुरशीच्या शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, याचे उत्तर देणारी माणसेच संघात उरली नव्हती.

काय उरले

अनुभवी म्हणावी अशी एकच खेळाडू मागे राहिली होती, ती म्हणजे अ‍ॅलेक्स फुलर. पार्कर, हॉर्नबकल, अनोसिके यांच्याबरोबरच ती २००४ मध्ये आली होती आणि रेड शर्टच्या वर्षामुळे तिचा एक मोसम बाकी होता. २००८-०९ च्या संघात शेवटच्या वर्षाची खेळाडू ती एकटीच. शांत, भरवशाची, परंतु सामना एकहाती फिरवण्याचा तिचा पिंड नव्हता.

दुसऱ्या वर्षात गेलेली अँजी ब्योर्कलंड ही लांबून तीन गुणांचे फेक करण्यात तरबेज होती आणि पुढे विद्यापीठाचा तीन गुणांचा विक्रमही तिच्याच नावावर लागला. मागच्या वर्षी प्रतिस्पर्धी पार्करभोवती गोळा होत आणि ब्योर्कलंडला मोकळी जागा मिळे. आता प्रत्येक संघाची सर्वांत चपळ बचावपटू तिच्याच मागे लागणार, हे उघड होते. नेमबाजाला मोकळे करणारा दुसरा धोका संघात नसेल, तर नेमबाजीचा फारसा उपयोग नसतो.

उंच खेळाडूंची बाजू दुखापतींनी पोखरलेली होती. विकी बॉ हिने पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात चमकदार खेळ केला, पण त्याच सामन्यात तिच्या डाव्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. त्यामुळे मोसमाच्या प्रारंभी ती उपलब्ध नसणार, हे ठरलेलेच होते. साडेसहा फूट उंचीची केली केन मागचे वर्ष गुडघ्याच्या दुखण्यामुळे एकही सामना खेळली नव्हती. सिडनी स्मॉलबोन दुसऱ्या वर्षाची होती, मात्र तिला मैदानावर फारसा वेळ मिळालेला नव्हता. रिबाउंड आणि बचाव हे समिट यांच्या संघांचे दोन खांब. ते उचलून धरणारे खांदेच यंदा एक तर कोवळे होते किंवा जायबंदी.

नव्या सहाजणी

अशा संघात सहा नव्या मुली दाखल झाल्या. शाळकरी गुणवत्तेचा विचार करता हा देशातील एक अव्वल गट मानला जात होता. अर्कान्सामधील शेकिना स्ट्रिकलन सहा फूट दोन इंचांची, तरीही चेंडू खेळवण्यात गार्डसारखी सफाईदार. ग्लोरी जॉन्सन नॉक्सव्हिलमध्येच वाढलेली, धावण्यात आणि उडी मारण्यात संघात अग्रेसर. ओक्लाहोमाची अलिसिया ब्रूअर, ओहायोची अँबर ग्रे, जॉर्जियाची अलिशा मॅनिंग या पुढच्या फळीतल्या आणि इंडियानापोलिसची पाच फूट दोन इंचांची ब्रियाना बास ही चेंडू पुढे नेणारी.

यादी पाहिली की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. सहांपैकी मुळात खेळ चालवणारी अशी एकटी बासच होती. या जागेवरची खेळाडू म्हणजे मैदानावरची कर्णधारच. तिने वेग ठरवायचा, खूण करायची, कोण कुठे उभे आहे ते पाहायचे. बॉबिट आणि हॉर्नबकल दोघीही गेल्यावर ही जबाबदारी शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलीवर पडणार होती. ती पेलली नाही, तर स्ट्रिकलनसारख्या मूळच्या पुढच्या फळीतल्या मुलीला मागे आणावे लागणार, म्हणजे एक भोक बुजवताना दुसरे पडणार. घडलेही तसेच. मोसम पुढे सरकला तशी स्ट्रिकलनच चेंडू खेळवू लागली. साउथईस्टर्न कॉन्फरन्सची वर्षातील सर्वोत्तम नवोदित हा बहुमान तिने मिळवला, पण पुढच्या फळीतून ती उणी झाली ती झालीच.

दोन जुने दाखले

तरीही ऑक्टोबर २००८ मध्ये टेनेसीला कोणी मोडीत काढले नव्हते, आणि त्याला कारणही होते. समिट यांच्या कारकिर्दीत नवोदितांच्या जिवावर इतिहास घडल्याचा दाखला ताजा होता. १९९७ मध्ये टमिका कॅचिंग्ज, सेमेका रँडल, क्रिस्टन क्लेमेंट आणि टेरेसा गीटर या चौघी आल्या आणि १९९७-९८ चा मोसम टेनेसीने ३९-० असा अपराजित राहून जिंकला. त्याआधीच्या वर्षी तर संघाने तब्बल दहा सामने हरूनही अखेर विजेतेपद खेचून आणले होते. समिट यांच्याविरुद्ध पैज लावणे शहाणपणाचे नाही, असा एकूण सूर होता.

मात्र हा दाखला जरा नीट तपासला तर त्यातला फरक ध्यानात येतो. १९९७ च्या चौघींच्या पुढे तिसऱ्या वर्षाची शमिक होल्ड्सक्लॉ उभी होती, जी त्या वेळी देशातील सर्वोत्तम खेळाडू समजली जात होती. चेंडू हाताळायला केली जॉली होती, तीही तिसऱ्या वर्षाची आणि दोन विजेतेपदे अनुभवलेली. (हीच जॉली पुढे केली हार्पर या नावाने २०१९ ते २०२४ या काळात टेनेसीची प्रमुख प्रशिक्षिका झाली.) म्हणजे नवोदितांनी घर सजवले, परंतु त्याचा पाया अगोदरच घातलेला होता.

खरा जुळणारा दाखला २००४ चा. तेव्हाही सहाजणी एकदम आल्या होत्या : पार्कर, हॉर्नबकल, अनोसिके, फुलर, साडे वायली-गेटवुड आणि सिबिल डॉस्टी. त्यांच्याविषयीही असेच बोलले गेले होते. पहिल्या वर्षी संघ अंतिम चारांत पोहोचला आणि मिशिगन स्टेटविरुद्ध १६ गुणांची आघाडी गमावून हरला. दुसऱ्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनाने उपउपांत्य फेरीतच रोखले. वायली-गेटवुड आणि डॉस्टी संघ सोडून गेल्या. राहिलेल्यांनी विजेतेपद उचलले ते तिसऱ्या वर्षी, २००७ मध्ये. पार्करसारखी खेळाडू हाताशी असतानाही तीन वर्षे लागली होती. पार्कर नसताना किती लागतील, हा प्रश्न २००८ च्या हिवाळ्यात फारसा कोणी मोठ्याने विचारला नाही.

हजारावा विजय

वाट पाहण्यासारखी एक गोष्ट मात्र मोसमात नक्की होती. २००८ च्या विजेतेपदानंतर समिट यांच्या खात्यावर ९८३ विजय जमा झाले होते. आणखी १७ मिळाले की एक हजार, आणि अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये, पुरुष असो वा महिला, तो पल्ला तोवर कोणत्याही प्रशिक्षकाने गाठलेला नव्हता. अनुभवी संघ असता तर हा टप्पा जानेवारीतच पार पडला असता. या संघाला फेब्रुवारी उजाडला.

त्या अडीच महिन्यांत संघाची दोन्ही रूपे दिसली. डिसेंबरमध्ये नॉक्सव्हिलमध्ये स्टॅनफर्डला त्यांनी जादा वेळेत नमवले. जानेवारीच्या प्रारंभी रटगर्सविरुद्ध एका टप्प्यावर २० गुणांनी मागे पडूनही ५५-५१ असा विजय खेचून आणला. ज्या संघाला वीस गुण भरून काढता येतात, त्याच्याकडे गुणवत्ता असते यात शंका नाही. पण ज्याला आधी वीस गुणांनी मागे पडावे लागते, त्याच्याकडे आणखी काहीतरी नसते. २ फेब्रुवारी २००९ रोजी ओक्लाहोमा सिटीत हजाराव्या विजयाची संधी होती. समोर कॉर्टनी पॅरिसचा अनुभवी ओक्लाहोमा संघ होता. टेनेसी ८०-७० असे हरले. तीन दिवसांनी, ५ फेब्रुवारीला, घरच्या मैदानावर जॉर्जियावर ७३-४३ अशी मात करून समिट यांनी तो टप्पा ओलांडला. केशरी झुरमुळ्यांचा पाऊस पडला, नॉक्सव्हिल नाचले.

त्याच हिवाळ्यात ईशान्येकडे कनेक्टिकट विद्यापीठाचा संघ एकामागून एक सामने जिंकत होता. टेनेसी आणि कनेक्टिकट यांच्यातील वार्षिक लढत समिट यांनीच २००७ मध्ये थांबवली होती, त्यामुळे दोघांची गाठ पडली नाही. कनेक्टिकटकडे चौथ्या वर्षाची रेनी माँटगोमेरी, तिसऱ्या वर्षाची टीना चार्ल्स आणि दुसऱ्या वर्षाची माया मूर अशी पायऱ्यांसारखी रचना होती. ३९-० अशा निकालानिशी त्यांनी विजेतेपद मिळवले. एका पिढीच्या मागे दुसरी तयार ठेवणे म्हणजे काय, याचा हा नमुना. टेनेसीत २००४ आणि २००८ यांच्या मधल्या पायऱ्या दुखापतींमुळे आणि गळतीमुळे निसटल्या होत्या.

बोलिंग ग्रीन

राष्ट्रीय स्पर्धेत टेनेसीला आपल्या विभागात पाचवे मानांकन मिळाले. या संघाच्या लौकिकाच्या मानाने ते फारच खालचे होते. २२ मार्च २००९ रोजी केंटकीतील बोलिंग ग्रीन येथे पहिल्या फेरीत गाठ पडली ती इंडियानातील बॉल स्टेट विद्यापीठाशी. मानांकन बारावे, प्रशिक्षिका केली पॅकार्ड यांचे तेथले पहिलेच वर्ष आणि या स्पर्धेत खेळण्याची विद्यापीठाचीही पहिलीच वेळ. १९८२ मध्ये ही स्पर्धा सुरू झाल्यापासून टेनेसी प्रत्येक वर्षी तीत खेळले होते आणि पहिल्या दोन फेऱ्यांत ४२ सामने खेळून एकही हरले नव्हते.

बॉल स्टेट ७१, टेनेसी ५५.

निकालाने देश चकित झाला. तथापि मोसमाआधीच्या यादीवर नजर टाकली तर त्यात अनपेक्षित असे फार थोडे सापडते. दडपणाखाली चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, हा प्रश्न ऑक्टोबरात जितका अनुत्तरित होता, तितकाच मार्चमध्येही राहिला. २२ विजय, ११ पराभव. दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठात हा मोसम चांगला म्हटला गेला असता. नॉक्सव्हिलमध्ये तो अनेक दशकांतला सर्वांत वाईट ठरला.

त्या सहाजणींचे पुढे

पुढच्या वर्षी त्याच मुलींनी ३२ सामने जिंकले, अवघे ३ गमावले. स्पर्धेत मात्र बेलर विद्यापीठाच्या ब्रिटनी ग्राइनरने त्यांना उपउपांत्य फेरीच्याही आधीच रोखले. २०१०-११ मध्ये ३४-३ अशी कामगिरी आणि कॉन्फरन्समध्ये एकही पराभव नाही, तरीही अंतिम चारांच्या उंबरठ्यावर नोत्र दामने पराभूत केले. विकी बॉच्या त्याच गुडघ्याने पुन्हा दगा दिला होता आणि २००९-१० चा संपूर्ण मोसम तिला गमवावा लागला होता. अँबर ग्रे आणि ब्रूअर संघ सोडून अन्यत्र गेल्या. सहांच्या चौघी झाल्या. २००४ च्या सहांचेही असेच चार झाले होते, फक्त त्या चौघींत पार्कर होती.

मग ऑगस्ट २०११ मध्ये समिट यांनी स्वतःच जाहीर केले की, त्यांना वयाच्या ५९ व्या वर्षीच अल्झायमरच्या प्रकारातला स्मृतिभ्रंश जडला आहे. शेवटचे वर्ष खेळणाऱ्या स्ट्रिकलन, जॉन्सन, मॅनिंग आणि बास यांच्यासाठी २०११-१२ चा मोसम आता केवळ आपला शेवटचा राहिला नव्हता. दैनंदिन सूत्रे बरीचशी सहायक प्रशिक्षिका हॉली वॉर्लिक यांच्याकडे गेली होती आणि समिट बाकावर शेजारी बसून असत. संघ पुन्हा एकदा शेवटच्या आठांत पोहोचला. आयोवातील डे मॉइन येथे समोर आला तो पुन्हा बेलरचाच संघ, जो त्या वर्षी ४० पैकी ४० सामने जिंकणार होता. टेनेसी ७७-५८ असे हरले. २००८ मध्ये आलेल्या आणि शेवटपर्यंत राहिलेल्या या चौघी अंतिम चारांचे मैदान न पाहताच बाहेर पडल्या. १९७६ पासूनची परंपरा त्यांच्यापाशी खंडित झाली.

१६ एप्रिल २०१२ रोजी डब्ल्यूएनबीएच्या निवडीत सिअ‍ॅटलने स्ट्रिकलनला दुसऱ्या क्रमांकावर आणि टल्साने ग्लोरी जॉन्सनला चौथ्या क्रमांकावर घेतले. दोन दिवसांनी समिट यांनी प्रमुख प्रशिक्षिकेचे पद सोडले. ३८ वर्षांत १,०९८ विजय आणि २०८ पराभव. २८ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. वॉर्लिक, मग हार्पर आणि २०२४ पासून किम कॉल्डवेल यांनी संघाची सूत्रे हाती घेतली. टँपातल्या त्या एप्रिलनंतर २०२५ पर्यंत टेनेसीचा महिला संघ अंतिम चारांत एकदाही पोहोचलेला नव्हता.